मत ज्याचे, त्याखाली नावही त्याचेच हवे

२०२५ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) शदूर सँडर्स एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, थेट पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याआधी कित्येक महिने त्याचे नाव पहिल्या फेरीत घेतले जात होते. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, हा कट होता. मुलगा कृष्णवर्णीय, बाप डिऑन सँडर्ससारखा फटकळ आणि गाजलेला माजी खेळाडू, म्हणून सगळ्या संघांनी मिळून धडा शिकवला. दुसरा म्हणतो, पोरगा तेवढा चांगला नव्हताच, वर घमेंडखोर, आणि जे झाले ते योग्यच झाले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही या भांडणात उडी घेऊन संघमालकांच्या अकलेवर जाहीर शंका घेतली. पुढे नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सकडून सँडर्सला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळाले, त्याने लास व्हेगासमध्ये सामना जिंकला, आणि पहिला तट म्हणाला, ‘बघा!’ त्यानंतर त्याचा प्रत्येक फसलेला पास दुसऱ्या तटाने पुरावा म्हणून मांडला. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: त्याच्याबद्दल जे निनावी बोलले गेले ते खरे ठरले तर ते बोलणे योग्य, आणि खोटे ठरले तर अन्याय.

माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. ड्राफ्टच्या तोंडावर एका अनुभवी सहायक प्रशिक्षकाचे मत छापून आले. सँडर्सची मुलाखत ही आयुष्यात पाहिलेली सर्वांत वाईट मुलाखत होती, सगळे आपल्याला मिळायलाच हवे अशी त्याची वृत्ती आहे, तो दोष सहकाऱ्यांवर ढकलतो आणि मुख्य म्हणजे तो तेवढा चांगला नाही, असा त्याचा आशय होता. प्रशिक्षकाचे नाव नव्हते, संघाचेही नव्हते. आणि हे छापले कुणी? खुद्द एनएफएलच्या मालकीच्या वृत्तसेवेने. ज्या संघटनेत तो मुलगा नोकरीला लागणार होता, तिच्याच मुखपत्राने त्याच्या स्वभावावरचा शेरा सही न घेता जगापुढे ठेवला. संघांनी आपल्या कपाटात हवे तेवढे गोपनीय अहवाल ठेवावेत, त्यात हवे ते लिहावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणसाच्या स्वभावावर निवाडा द्यायचा, तो लाखो लोकांपर्यंत पोचवायचा आणि स्वतः मात्र पडद्यामागे राहायचे, हे चालता कामा नये. मग तो निवाडा शंभर टक्के बरोबर का असेना.

हे पटायला ड्राफ्टचा कारभार समजून घ्यावा लागेल. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात खेळाडू स्वतःची मूळ किंमत लावतो आणि दोनचार संघ भिडले तर ती वाढते. एनएफएलमध्ये तसे नाही. १९३६ पासून चालत आलेल्या या पद्धतीत ३२ संघ, सात फेऱ्या, आणि साधारणपणे गेल्या हंगामात जो संघ तळाला त्याची पाळी आधी. ज्याने नाव पुकारले त्याच्याकडे जायचे. नको म्हणायची सोय जवळजवळ नाहीच. २०११ च्या करारापासून नवख्यांचे मानधनही बहुतांशी क्रमांकावर ठरते. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कॅम वॉर्डचा चार वर्षांचा करार सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलरचा होता. २५ व्या क्रमांकावरच्या जॅक्सन डार्टला सुमारे १ कोटी ७० लाख मिळाले, आणि १४४ व्या क्रमांकावरच्या सँडर्सला सुमारे ४६ लाख. म्हणजे एप्रिलचे ते तीन दिवस या मुलांची किंमत ठरवतात, आणि त्या दिवसांत वार्ताहरांच्या कानाला लागणारे लोक कोण, तर किंमत मोजणारेच. लासलगावच्या बाजार समितीत एखाद्या व्यापाऱ्याने लिलावाआधी कुजबुज सोडली, की अमक्याच्या ट्रॉलीतल्या कांद्याला पाणी लागले आहे, तर शेतकरी पहिला प्रश्न विचारील: हे म्हणणारा कोण, आणि तो स्वतः बोली लावणार आहे का? तिथे व्यापारी निदान समोर उभा तरी असतो. एनएफएलमध्ये एप्रिल महिना थापांचाच असतो, हे तिथले वार्ताहर स्वतःच सांगतात. जो खेळाडू आपल्याला हवा आहे तो आपल्या पाळीपर्यंत खाली यावा म्हणून त्याची निंदा पसरवणे, नको असलेल्याची स्तुती करणे, हे सगळे तिथे डावपेच म्हणून मान्य आहे. तरीही निनावी शेरा छापताना ‘हा माणूस कुठल्या संघाचा आणि त्या संघाची पाळी कितवी’ एवढेही वाचकाला सांगितले जात नाही.

आता ती मुलाखत म्हणजे काय तेही जवळून पाहू. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला तीनशेच्या वर मुले जमतात. धावणे, उड्या, वजने, वैद्यकीय तपासण्या होतात, आणि त्याखेरीज संघांच्या औपचारिक मुलाखती. २०२० पासून एका संघाला अशा ४५ मुलाखती आणि प्रत्येकीला १८ मिनिटे. खोलीत मुख्य प्रशिक्षक, महाव्यवस्थापक, त्या जागेचा प्रशिक्षक, स्काउट म्हणजे खेळाडू हेरणारा. भिंतीवर मुलाच्याच खेळाची चित्रफीत, बहुधा त्याने केलेली चूक, आणि प्रश्न: इथे काय झाले? कुणी मुद्दाम डिवचतो, कुणी गप्प बसून निरखतो. डिवचण्याची हद्द कुठवर जाते? २०१० मध्ये मायामी डॉल्फिन्सचे महाव्यवस्थापक जेफ आयर्लंड यांनी डेझ ब्रायंटला विचारले होते, की तुझी आई वेश्या होती का. २०१६ मध्ये अटलांटा फाल्कन्सच्या एका प्रशिक्षकाने एली ॲपलला त्याला पुरुष आवडतात का असे विचारले. आयर्लंड यांना जाहीर माफी मागावी लागली, फाल्कन्सच्या मुख्य प्रशिक्षकांनाही. का मागावी लागली? कारण खेळाडूंनी स्वतःच्या नावाने सांगितले आणि विचारणारा कोण ते कळले. पुढे २०२२ मध्ये लीगने नियम केला, की मुलाखतीत असभ्य वागणाऱ्या संघाला किमान दीड लाख डॉलर दंड होईल आणि पहिल्या ते चौथ्या फेरीतली एक निवडही गमवावी लागेल. सांगायचे एवढेच, की त्या १८ मिनिटांना दोन बाजू असतात. ‘सर्वांत वाईट मुलाखत’ म्हणणाऱ्याने त्या मुलाला काय विचारले होते? कोणत्या स्वरात? सँडर्स उद्धट वागलाही असेल. पण विचारणारा कोण हेच ठाऊक नसेल, तर दुसरी बाजू मांडायची कुणापुढे? आणि त्याने उत्तर दिले तरी पुन्हा हाच शेरा: बघा, टीका सहन होत नाही.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. स्वभाव ही खाजगी बाब नाही, निदान क्वार्टरबॅकची तरी नाही. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांच्यात कोण श्रेष्ठ यावर खल झाला. दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या लीफची कारकीर्द स्वभावापायी आणि पुढे व्यसनांपायी धुळीला मिळाली. २०१४ मध्ये २२ व्या क्रमांकावर घेतलेला जॉनी मॅन्झिएल दोन हंगामांत लीगबाहेर गेला. आणि सर्वांत भयंकर उदाहरण ॲरन हर्नांडेझचे: २०१० मध्ये चौथ्या फेरीपर्यंत तो घसरला तो स्वभावाबद्दलच्या शंकांमुळेच, आणि २०१५ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. तिथे शंका घेणारे बरोबर होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण हर्नांडेझचे उदाहरण नीट पाहिले तर ते कुणाच्या बाजूने बोलते? संघांना शंका होत्या त्या त्यांच्या स्वतःच्या चौकशीतून. प्रत्येक संघ स्काउट पाळतो, महाविद्यालयातले प्रशिक्षक, शिक्षक, शेजारी यांच्याशी बोलतो, सुरक्षा विभागाकडून पार्श्वभूमी तपासून घेतो. निर्णय घेणाऱ्याला जे कळायला हवे ते कळवायला अख्खी यंत्रणा आहे, आणि ती गोपनीय आहे हे रास्तच आहे. तेच वाक्य वर्तमानपत्रात आल्याने संघाच्या माहितीत काडीचीही भर पडत नाही. ‘आम्हाला करोडो डॉलर गुंतवायचे आहेत, आम्ही चौकशी करणारच’ हा युक्तिवाद चौकशीचे समर्थन करतो, प्रसिद्धीचे करत नाही. या दोन गोष्टींची गल्लत हेच निनावी शेऱ्यांच्या बाजूचे निम्मे भांडवल आहे.

उरलेले निम्मे भांडवल पत्रकारितेच्या नावावर उभे आहे. नाव द्यायची सक्ती केली तर कुणी बोलणारच नाही, मग वाचकांच्या हाती एजंटांनी पढवलेली गोडगोड वाक्ये तेवढी उरतील, असे म्हणतात. स्काउटला संघाने बोलायची मनाई केलेली असते, नाव आले तर नोकरी जाते, हेही खरे. निनावी स्रोतांनी पत्रकारितेने मोठी कामे केली आहेत, हे मला कुणी सांगायला नको. वॉटरगेट प्रकरणात वार्ताहरांना माहिती पुरवणारा माणूस तीसहून अधिक वर्षे पडद्याआड राहिला, आणि २००५ मध्ये कळले की तो एफबीआयचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट. आपल्याकडे सत्येंद्र दुबे या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या भ्रष्टाचाराची माहिती पंतप्रधान कार्यालयाला कळवताना नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. नाव फुटले, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. निनावीपण असते ते अशा माणसासाठी: जो आपल्याहून कित्येक पटींनी बलाढ्य असलेल्यांबद्दल, तपासून पाहता येईल अशी माहिती देतो, आणि जिवाची किंवा भाकरीची किंमत मोजण्याच्या बेतात असतो. फुटबॉलच्या या शेऱ्यात यातले काय आहे? बोलणारा नोकरीत स्थिरावलेला, ज्याच्याबद्दल बोलतो तो अजून नोकरीही न लागलेला आणि खेळाडूंच्या युनियनचा सभासदही नसलेला उमेदवार. आणि माहिती? ‘घमेंडखोर आहे’ ही माहिती नव्हे, मत आहे. ते खोटे ठरवायला कोणता कागद आणायचा? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा नियम या बाबतीत स्वच्छ आहे: नाव न देता छापायचे ते माहिती असावी, मत किंवा तर्क नसावा, आणि बातमीसाठी ते अत्यावश्यक असावे. हा नियम काही साधुसंतांनी केलेला नाही, रोज गुप्त स्रोतांशी व्यवहार करणाऱ्या बातमीदारांच्या संस्थेने केला आहे. याच कसोटीला लावले तर एप्रिलमधले किती निनावी शेरे टिकतील? ‘अमक्या खेळाडूच्या गुडघ्यावर दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे’ ही माहिती आहे. ती छापावी का यावर वाद होईल, पण ती खरी की खोटी हे तरी ठरवता येते. ‘त्याच्यात नेतृत्व नाही’ याचे काय करायचे? एली ॲपलबद्दल तर एका अनामिक स्काउटचे मत छापून आले होते, की त्याला साधा स्वयंपाकही येत नाही, तो अजून बाळच आहे. वीस वर्षांच्या बचावपटूला स्वयंपाक येतो की नाही, हे सांगायला तोंड लपवावे लागत असेल तर ते सांगण्यासारखेच नव्हते.

तिसरा आक्षेप अधिक सावध लोकांचा आहे. ते म्हणतात, त्या शेऱ्यामुळे सँडर्स घसरला हे सिद्ध कसे करणार? संघांनी आपापले मत आधीच बनवले होते, छापील शेरा त्याचा नुसता पडसाद होता. हे मला बरेचसे मान्य आहे. बत्तीस संघांपैकी एकालाही तो पहिल्या चार फेऱ्यांत नको होता, याचे खापर एका वाक्यावर फोडता येणार नाही. त्याच्या खेळातही खोट होती. पण संघ बाहेरच्या गलबल्याला अजिबात बधत नाहीत, असे मानायला इतिहास तयार नाही. २०१५ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा ला'एल कॉलिन्स पहिल्या फेरीत जाणार असे धरले जात होते. ड्राफ्टच्या काही दिवस आधी त्याच्या ओळखीच्या एका स्त्रीचा खून झाला. तो संशयित नाही असे पोलिसांनी सांगितले, त्यांना फक्त त्याच्याशी बोलायचे होते. तरीही सातही फेऱ्या संपल्या आणि त्याचे नाव कुणी पुकारले नाही; पुढे डॅलस काउबॉइजने त्याला वेगळा करार देऊन घेतले. नुसत्या चर्चेला घाबरून एवढे होत असेल, तर स्वभावाबद्दलची कुजबुज वाऱ्यावर विरून जाते असे कोण म्हणेल?

आणि क्रमांकाचे सोडून देऊ. नाव खराब होणे हे स्वतंत्र नुकसान आहे, ते ड्राफ्टबरोबर संपत नाही. १९८३ मध्ये डॅन मरिनोबद्दल अमली पदार्थांच्या वावड्या उठल्या, आणि पाच क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले जाऊन तो २७ व्या क्रमांकावर मायामीकडे गेला. दुसऱ्याच हंगामात त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउनचा विक्रम केला, २००५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला. त्या वावड्या कुणी उठवल्या? आजतागायत एकही माणूस पुढे येऊन म्हणालेला नाही, की तो मी होतो आणि माझे चुकले. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडच्या आकलनचाचणीचे गुण कुणीतरी फोडले, शंभरात अठरा. गोपनीय राहायला हवा तो कागद बाहेर आला आणि मुलाच्या बुद्धीवर आठवडाभर जाहीर चर्चा झाली. ह्यूस्टनने तरीही त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि त्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. फोडणारा कोण, हे गुलदस्त्यातच राहिले. बहुधा पुढच्या एप्रिलमध्ये त्याचाच फोन पुन्हा कुणीतरी उचलला असेल. याच्या शेजारी बिल पोलियन यांना उभे करा. संघबांधणीत हयात घालवलेले, स्वतः हॉल ऑफ फेममध्ये असलेले हे गृहस्थ २०१८ मध्ये स्वतःच्या नावाने, उघड म्हणाले की लमार जॅक्सनने क्वार्टरबॅकचा नाद सोडून रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, व्हावे. मत चुकीचे होते, अनेकांच्या मते त्यात जुना वांशिक पूर्वग्रहही होता. जॅक्सन ३२ व्या क्रमांकावर गेला आणि २०१९ मध्ये एकमताने एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. त्याच वर्षी पोलियन यांनी जाहीरपणे कबूल केले, की मी चुकलो. कठोर बोलायची मुभा त्यांना होती, ती त्यांनी वापरली, आणि हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा हिशेबही दिला. मला टीका नको आहे असे नाही. मला अशी टीका हवी आहे.

ही मागणी काही नवीन नाही. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला विचारले होते, की ख्रिस्ती लोकांच्या नावांची निनावी यादी हाती आली आहे, तिचे काय करू. ट्रेजन काही त्या लोकांचा कैवारी नव्हता. उघड आरोप होऊन सिद्ध झाला तर शिक्षा द्या, असे त्याने लिहिले. पण निनावी आरोपपत्रांना कुठल्याही खटल्यात थारा देऊ नका, तो अतिशय वाईट पायंडा आहे, असे त्याने बजावले. कम्युनिस्टांच्या भीतीने अमेरिका पछाडलेली असताना, १९५३ मध्ये, विल्यम ग्रीन या विमान अभियंत्याची सुरक्षा-परवानगी गुप्त जबान्यांच्या आधारे काढून घेतली गेली आणि त्याची नोकरी गेली. जबान्या कुणाच्या, हे त्याला सांगितलेच नाही. १९५९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. ज्या साक्षीवर माणसाचा रोजगार जातो ती त्याला दाखवली पाहिजे, कारण साक्षीदाराची स्मृती चुकीची असू शकते किंवा त्याच्या मनात आकस असू शकतो, असे न्यायमूर्तींनी म्हटले. सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्या मराठी घरांना तर हा विषय परका नाही. वार्षिक गोपनीय अहवालातला एक शेरा बढती अडवतो आणि ज्याची बढती अडली त्याला वर्षानुवर्षे पत्ताच नसतो, हे किती जणांनी भोगले आहे! २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रतिकूलच नव्हे तर प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्या प्रकरणात सीमा रस्ते सेवेतल्या अभियंत्याला नुसते ‘चांगला’ असे लिहिले होते, आणि बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होते. एनएफएल म्हणजे सरकार नव्हे, तिथे घटनेचे कलम लावता येणार नाही, हे मला कळते. पण या निकालांच्या मागचा विचार सरकारापुरता आहे का? ज्या शब्दाने कुणाचा रोजगार आणि नाव दोन्ही जाऊ शकते, तो शब्द उच्चारणाऱ्याने समोर यावे, ही अपेक्षा करायला न्यायालयच कशाला लागते?

राहिला सँडर्सचा पैसा आणि रुबाब. हा मुलगा कसला दुबळा, असे मला विचारतील. बाप हॉल ऑफ फेमवाला, स्वतः महाविद्यालयात असतानाच जाहिरातींतून लाखो डॉलर कमावलेला, ड्राफ्टच्या आठवडाभर आधी विद्यापीठाने त्याची २ क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त केलेली. त्याची बाजू घ्यायला बापाइतका मोठा आवाज दुसरा कुणाचा? खरे आहे. सँडर्स तगून जाईल. पण नियम काही एकट्या त्याच्यासाठी नसतो. दर एप्रिलला सहाव्या-सातव्या फेरीच्या आशेवर बसलेली शेकडो मुले असतात. ज्यांचा बाप ट्रक चालवतो, ज्यांच्याकडे एजंट नावापुरता आहे, त्यांच्याबद्दल ‘आळशी आहे, म्हणे’ एवढे एक वाक्य आले तरी ते खोडून काढायला कुणी येत नाही.

कटाचा आरोप करणाऱ्यांनाही इथे एक सांगावेसे वाटते. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकविषयीचा पूर्वग्रह ही कल्पित गोष्ट नाही. वॉरन मूनला १९७८ मध्ये कुणीच निवडले नाही, त्याला कॅनडात जाऊन एडमंटनकडून तिथल्या लीगचे विजेतेपद, ग्रे कप, सलग पाचदा जिंकावे लागले आणि मगच एनएफएलने दार उघडले. पुढे तो हॉल ऑफ फेममध्ये पोचला. टोनी डंजीला क्वार्टरबॅक असूनही बचावफळीत ढकलले गेले. त्या काळात उघड म्हटले जायचे, की या लोकांना ही जागा झेपणार नाही. आता तसे कुणी म्हणत नाही, पण ‘नेतृत्व’, ‘परिपक्वता’, ‘देहबोली’ या शब्दांत काय काय लपू शकते? मात्र त्या अनामिक प्रशिक्षकाच्या मनात पूर्वग्रह होता, असे मी म्हणू शकत नाही आणि कुणीच म्हणू शकत नाही. त्याने याआधी कुणाकुणाला घमेंडखोर ठरवले, तसाच वागणारा गोरा मुलगा त्याला आत्मविश्वासू वाटला होता का, हे पाहायचे तर आधी तो कोण हे कळायला हवे. सही नसेल तर पूर्वग्रह सिद्धही होत नाही आणि त्या माणसावरचा संशय फिटतही नाही. म्हणजे निनावीपणाने त्या प्रशिक्षकाचेही भले केलेले नाही. प्रामाणिक असेल तर त्याचा प्रामाणिकपणाही त्यातच बुडाला.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. एनएफएलने आपल्या मालकीच्या वृत्तसेवेत उमेदवारांच्या स्वभावावरची निनावी मते छापणे बंद करावे. हे उद्या सकाळी करता येईल, कुणाची परवानगी लागत नाही. मुलाखतीत गैर वागणाऱ्या संघाची निवड काढून घेता येते, तर त्याच खोलीतले बोलणे बाहेर फोडणाऱ्या संघाचीही घेता येईल. २०२५ च्या त्याच ड्राफ्टमध्ये सँडर्सचा खाजगी फोन नंबर फाल्कन्सच्या एका प्रशिक्षकाच्या घरातून फुटला आणि त्याला खोटा फोन गेला, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख आणि प्रशिक्षकाला एक लाख डॉलर दंड ठोठावला. म्हणजे इच्छा असली की शिस्त लावता येते. इतर वार्ताहरांनी असोसिएटेड प्रेसचा नियम उचलावा, आणि अपवाद करायचाच झाला तर छापण्याआधी त्या मुलाला ते वाक्य दाखवून त्याचे म्हणणे सोबत घ्यावे.

असे केल्याने एप्रिल महिना कोरडा जाईल, ही भीती मला खरी वाटत नाही. सँडर्सवरच्या त्या शेऱ्यात एक वाक्य फुटबॉलचेही होते: तो विनाकारण सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडले जाणे, ओढवून घेतो. हे वाक्य तपासायला कुठलाही पडदा लागत नाही. २०२३ मध्ये ५२ आणि २०२४ मध्ये ४२ वेळा तो चेंडूसकट पाडला गेला, हे आकडे सर्वांपुढे आहेत. चित्रफीत लावा, दिसेल की संरक्षणाची भिंत अजून शाबूत असतानाही तो मागे मागे सरकतो, पहिला मोकळा रिसीव्हर सोडून देतो, आणखी मोठ्या पासची वाट बघतो, आणि सात यार्डांऐवजी पंधरा यार्ड मागे जाऊन पडतो. तसेच हेही दिसेल, की २०२४ मध्ये त्याचे शंभरातले ७४ पास पूर्ण झाले, ३७ टचडाउन झाले, आणि पुढ्यातली भिंत कित्येकदा चेंडू हातात येताच कोसळत होती. यातले कुठले पारडे जड, यावर भांडण्यासारखे खूप आहे, आणि अनेक जाणकारांनी ते स्वतःच्या नावाने भांडलेही आहे. ड्राफ्टचे नामवंत विश्लेषक मेल कायपर यांनी त्याला पहिल्या पाचांत धरले, तो १४४ वर गेला. कायपर यांना लोकांनी धारेवर धरले, आणि त्यांनी मत बदलले नाही. त्या सहायक प्रशिक्षकालाही या भांडणात उतरता आले असते. क्वार्टरबॅक कसा पारखायचा हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते, आणि सॅकबद्दल तो बहुधा बरोबरच होता.